गंभीर नाटकं करायची असतील तर आधी विदूषकी शिकावी का?

हो, आणि जमलं तर सगळ्यात आधी. विदूषकी म्हणजे विनोद पाठ करणं नव्हे. फ्रेंच नाट्यशिक्षक जाक लकॉक यांनी 1956 मध्ये पॅरिसला नाट्यशाळा सुरू केली. पुढे एकदा त्यांनी विद्यार्थ्यांना सांगितलं, एकेकाने पुढे या आणि आम्हाला हसवा. कोलांट्या झाल्या, कोट्या झाल्या, कुणी हसेना. शेवटी मुलं ओशाळून जागेवर बसायला लागली आणि नेमके तेव्हाच सगळे हसायला लागले. तो उघडा पडलेला माणूस म्हणजे विदूषक.

रंगमंचावर हेच लागतं. वाक्य विसरलं, हातातली वस्तू पडली, की घाबरलेला नट ते लपवतो. खेळायला शिकलेला नट तेच चेंडूसारखं सहकलाकाराकडे टाकतो. शोकांतिकेतसुद्धा हा जिवंतपणा लगेच जाणवतो.

सुरुवात मात्र लाल नाकाने नको. (लकॉक त्याला जगातला सगळ्यात छोटा मुखवटा म्हणत, त्यामागे लपायला जागाच नसते.) आधी शिवाशिवी, संगीत खुर्ची मनापासून खेळा, जिंकायच्या ईर्ष्येने. मग चारपाच जणांसमोर दोन मिनिटं काहीही न करता उभं राहा. कुणी खोकलं, हललं, हसलं, की फक्त त्याला प्रतिसाद द्या.