वाचकांचे प्रश्न : मांडवीतल्या कॅसिनोत जाण्यापूर्वी

गोव्याच्या सहलींचे बेत ठरू लागले की या सदराकडे कॅसिनोविषयीची पत्रे येतात. या वेळी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. कुटुंबाविषयीच्या खासगी मजकुरामुळे कोणत्याही वाचकाचे नाव छापलेले नाही.

प्रश्न : आम्ही शाळेपासूनचे चार मित्र यंदा साठी गाठत आहोत आणि डिसेंबरमध्ये सपत्नीक गोव्याला जाणार आहोत. एक संध्याकाळ पणजीच्या कॅसिनोत घालवावी, असे दोघांचे म्हणणे आहे. उरलेल्यांना धाकधूक वाटते. हे कायदेशीर आहे का? आत नेमके काय असते? न खेळता नुसते बघता येते का आणि शाकाहारी माणसाची सोय होते का? — एक वाचक, सांगली

उत्तर : कायद्याची धास्ती बाळगू नका. गोव्यात जुगाराला बंदी घालणारा १९७६ चा कायदा आहे. परंतु १९९२ मध्ये त्यात दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरील खेळांना परवानगी मिळाली आणि १९९६ मध्ये पाण्यावरच्या जहाजांत टेबलावरचे खेळ चालवण्याची वाट मोकळी झाली. पत्ते वाटणारा माणूस समोर असलेले खेळ जमिनीवर न होता मांडवी नदीत नांगरलेल्या जहाजांवर होतात, त्यामागे हे कारण आहे. सरकारी परवाना असलेल्या जहाजावर एकवीस वर्षे पूर्ण झालेल्या पर्यटकाने खेळणे हा गुन्हा नाही.

पणजीत दयानंद बांदोडकर मार्गाच्या कडेने चालू लागलात की नदीत दिव्यांनी झगमगणारी जहाजे दिसतात. डेल्टिन रॉयल, कॅसिनो प्राइड, मॅजेस्टिक प्राइड, बिग डॅडी ही त्यांतली ठळक नावे. प्रत्येकाचा तिकीट-कक्ष काठावर असतो. तेथे छायाचित्र असलेले ओळखपत्र दाखवावे लागते, म्हणून आठही जणांनी आधार कार्ड किंवा वाहन परवाना मूळ स्वरूपात जवळ ठेवावा. पुरुषांनी अर्धी विजार आणि चपला टाळाव्यात. साधी पँट, सदरा आणि बूट पुरेसे आहेत. साडी नेसलेल्या स्त्रियांना कोणी अडवत नाही. धक्क्यावरून लहान नाव तुम्हाला जहाजापर्यंत नेते. काही मिनिटांचाच प्रवास, पण गुडघे दुखणाऱ्यांनी चढता-उतरताना नावेवरच्या कर्मचाऱ्याचा हात अवश्य धरावा.

प्रवेशाचे तिकीट बहुधा संपूर्ण संध्याकाळचे असते. त्यात जेवण, पेये, रंगमंचावरचा नाचगाण्याचा कार्यक्रम आणि थोड्या रकमेच्या चिप्स, म्हणजे खेळायच्या चकत्या, धरलेल्या असतात. दर वारानुसार बदलतो आणि शनिवारी-रविवारी चढा असतो. तुमच्या हाती असेल तर मंगळवार-बुधवार निवडा, गर्दीही कमी लागेल. तिकिटासोबत मिळणाऱ्या चिप्सबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या. त्यांचे रोख पैसे मिळत नाहीत, त्या एकदाच लावता येतात आणि तो डाव जिंकला तर जिंकलेली रक्कमच तेवढी खऱ्या चिप्सच्या रूपाने हाती येते. मी दोन वर्षांपूर्वी गेलो तेव्हा शेजारच्या रांगेतले एक गृहस्थ या चिप्स परत देऊन पैसे मागत होते आणि काउंटरवरची मुलगी त्यांना तेच वाक्य तिसऱ्यांदा समजावत होती. तिकीट विकणाऱ्याने हे आधी स्पष्ट सांगायला हवे होते, असे मला तेव्हा वाटले आणि आजही वाटते.

याहून जास्त खेळायचे असेल तर पैसे देऊन चिप्स घ्याव्या लागतात. कॅसिनोवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झाला आहे. त्याआधी तो २८ टक्के होता. चिप्स घेताना भरलेल्या रकमेवर तो धरला जातो. जिंकून पुन्हा लावलेल्या पैशांवर वेगळा पडत नाही. म्हणून नोटा पुढे करण्यापूर्वी ‘या रकमेत हाती नेमक्या किती रुपयांच्या चिप्स येतील?’ हे विचारा आणि उत्तर मिळाल्यावरच पैसे द्या.

आत गेल्यावर पहिला अर्धा तास कुठेही बसू नका, नुसते फिरा. न खेळता बघायला कोणाची हरकत नसते. फक्त टेबलासमोरच्या खुर्च्या खेळणाऱ्यांसाठी असतात, तुम्ही मागे उभे राहा. छायाचित्रे काढायला खेळाच्या दालनात मनाई असते. आपल्याकडच्या लोकांची सर्वांत दाट गर्दी अंदर-बाहर आणि तीन पत्तीच्या टेबलांभोवती दिसेल. रूलेट, म्हणजे आकड्यांच्या चक्रावर गोळी फिरवण्याचा खेळ, आणि ब्लॅकजॅक, बाकारा, पोकर हे पत्त्यांचे खेळही असतात. प्रत्येक टेबलावर कमीत कमी किती लावावे लागते त्याची पाटी असते आणि गर्दी वाढली की ती रक्कम वाढवली जाते, हे लक्षात ठेवा. पैसे डीलरच्या, म्हणजे टेबलावर खेळ चालवणाऱ्याच्या, हातात द्यायचे नसतात, टेबलावर ठेवायचे असतात. बोली बंद झाल्याचे त्याने सांगितले की आपल्या चकत्यांना हात लावायचा नाही. रूलेटवर प्रत्येक खेळाडूला निराळ्या रंगाच्या चकत्या मिळतात. त्या दुसऱ्या टेबलावर चालत नाहीत, म्हणून उठताना तिथेच बदलून घ्या.

शाकाहारी जेवण व्यवस्थित मिळते, त्याची काळजी नको. काळजी घ्यायची ती पेयांची. मद्य तिकिटातच धरलेले असल्यामुळे पेला रिकामा राहत नाही, दालनाला खिडक्या नसतात, भिंतीवर घड्याळ शोधून सापडत नाही. नऊ वाजले असतील असे वाटत असताना मनगटावर साडेबारा झालेले असतात. चौघांपैकी एकाने मद्य न घेता इतरांचे पाकीट आणि वेळ सांभाळावी, हे आजच ठरवा. प्रत्येकाने जास्तीत जास्त किती रक्कम गमवायची तेही सांगलीतच ठरवून रोख स्वरूपात वेगळ्या पाकिटात घ्या आणि बँकेची कार्डे हॉटेलच्या खोलीत ठेवा. ती रक्कम नाटकाच्या तिकिटासारखी समजा. परत आली तर उत्तम, पण आली नाही म्हणून सहलीतली एकही गोष्ट कमी करावी लागू नये, एवढीच ती असावी.

प्रश्न : मी फोंड्याचा रहिवासी आहे. पुण्याचे मेहुणे-मेहुणी येणार आहेत आणि मीही सोबत कॅसिनोत यावे असा त्यांचा आग्रह आहे. मला जाता येईल का? — एक वाचक, फोंडा

उत्तर : नाही. १ फेब्रुवारी २०२० पासून गोव्याच्या रहिवाशांना कॅसिनोत खेळायला जाण्यास राज्य सरकारने बंदी केलेली आहे आणि पाहुण्यांसोबत असल्याने तीत सवलत मिळत नाही. गावातल्या माणसाचा पगार नदीत जाऊ नये, हा त्यामागचा हेतू मला योग्य वाटतो. सिक्कीममध्येही परवानाधारक कॅसिनो आहेत आणि तेथेही स्थानिकांना मनाई आहे. मेहुण्यांना धक्क्यापर्यंत सोडा आणि जेवायला घरी बोलवा. महाराष्ट्रातही कॅसिनो सुरू होणार होते का, असे तुम्ही ताजा कलमात विचारले आहे. महाराष्ट्राने १९७६ मध्ये कॅसिनोचे नियंत्रण आणि कर यांचा कायदा केला होता खरा, पण तो कधीच अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये तो रद्दच करण्याचा निर्णय झाला.

प्रश्न : माझे यजमान हिशेबाला पक्के आहेत. रूलेटमध्ये लाल रंगावर पाचशे रुपये लावायचे, हरले तर दुप्पट, पुन्हा हरले तर त्याच्या दुप्पट, कधीतरी लाल येणारच आणि सगळे वसूल होऊन पाचशे रुपये वर मिळणार, असे ते सांगतात. मला यात चूक सापडत नाही, पण मन मानत नाही. — एक वाचिका, सातारा

उत्तर : तुमचे मन बरोबर सांगते आहे. यजमानांच्या हिशेबात नेमके काय सुटले आहे ते कागदावर मांडून पाहू.

आधी चक्र समजून घ्या. एका शून्याच्या रूलेटमध्ये ० ते ३६ अशा ३७ खाचा असतात. अठरा लाल, अठरा काळ्या आणि शून्याची एक हिरवी. समजा तुम्ही प्रत्येक आकड्यावर शंभर, असे ३,७०० रुपये लावले. एक आकडा नक्की येणार. त्यावर पस्तीसपट, म्हणजे ३,५०० रुपये आणि तुमचे शंभर असे ३,६०० रुपये परत मिळतील. जे शंभर गेले तो जहाजाचा वाटा, शेकडा २.७०. चक्रावर दोन शून्ये असतील तर ३,८०० लावून ३,६००च परत येतात आणि हा वाटा शेकडा ५.२६ होतो. म्हणून बसण्यापूर्वी शून्ये मोजावीत. लाल लावा, काळा लावा, आकडा लावा, एका शून्याच्या चक्रावर हा वाटा तेवढाच राहतो; दुप्पट करण्याने त्यात एक पैशाचाही फरक पडत नाही.

आता दुप्पट करत जाऊ. ५००, १,०००, २,०००, ४,०००, ८,०००, १६,०००. सहा वेळा लाल आला नाही की ३१,५०० रुपये गेलेले असतात आणि सातव्या खेपेला ३२,००० लावावे लागतात, तेही फक्त पाचशे रुपये मिळवण्यासाठी. लागोपाठ सहा वेळा हरण्याची शक्यता साधारण पंचावन्नात एक आहे. शेकडो वेळा चक्र फिरणाऱ्या रात्री ती वेळ येणे अजिबात दुर्मीळ नाही. शिवाय प्रत्येक टेबलावर कमीत कमी रकमेसोबत जास्तीत जास्त रकमेचीही मर्यादा असते आणि वाढत जाणारी दुप्पट तिथे जाऊन अडकते. यजमानांचे गणित अमर्याद पैसा आणि अमर्याद टेबल गृहीत धरते; या दोन्ही गोष्टी मांडवीत नाहीत.

मी गेलो होतो त्या रात्री रूलेटच्या टेबलाशी माझ्याच वयाचे एक गृहस्थ उभे होते. त्यांच्या हातात शाळेतली चौकटीची वही होती आणि प्रत्येक चौकटीत ते आलेला आकडा बारीक अक्षरात लिहीत होते. पाच काळे सलग आले तेव्हा त्यांनी पेन खिशाला लावले, ‘आता लालच’ असे स्वतःशी म्हटले आणि चकत्यांची अख्खी उतरंड लालवर सरकवली. गोळी फिरून काळ्या अकरावर थांबली. डीलरने लाकडी फावडीने उतरंड ओढून घेतली. त्यांनी पेन काढून पुढच्या चौकटीत ‘११’ लिहिले. चक्राला मागचे काहीही आठवत नसते. पाच काळ्यांनंतरही लाल येण्याची शक्यता ३७ पैकी १८ च असते. टेबलाशेजारच्या फलकावर मागचे आकडे का दाखवतात, हे यजमानांना विचारा. त्या आकड्यांनी खरोखरच पुढचा आकडा कळत असता, तर जहाजाने तो फलक झाकून ठेवला असता.

प्रश्न : मुलाने गोव्यात एका डावात ८० हजार रुपये जिंकले, पण त्याच रात्री दुसऱ्या टेबलांवर जवळपास तेवढेच घालवले. काहीच शिल्लक राहिले नाही, तर आयकर विवरणात दाखवण्याची गरज नाही ना? — एक वाचक, नाशिक

उत्तर : गरज आहे. पत्त्यांच्या खेळांतून किंवा जुगारातून मिळालेल्या रकमेवर सरसकट ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर आहे. त्यातून खर्च वजा होत नाही, दुसऱ्या डावातला तोटा वळता होत नाही आणि करमुक्त उत्पन्नाची मूळ मर्यादाही या रकमेला लागू नाही. ८० हजारांवर २४,९६० रुपये कर होतो. हे कठोर वाटेल, पण नियम तसाच आहे. कॅसिनोकडून कराची कपात झाल्याची पावती मिळाली असेल तर ती मुलाने जपून ठेवावी आणि विवरण भरताना सनदी लेखापालाला दाखवावी.

प्रश्न : माझा धाकटा भाऊ वर्षभरापूर्वी मित्रांसोबत गंमत म्हणून गेला. आता दर महिन्याला रात्रीच्या बसने जातो आणि विचारले की गेलेले पैसे परत आणायचे आहेत, असे म्हणतो. वहिनीला यातले निम्मेही ठाऊक नाही. आता तो माझ्या दागिन्यांवर सोनेतारण कर्ज काढू या म्हणतो. देऊ का? — एक वाचिका, कोल्हापूर

उत्तर : ताई, देऊ नका, आणि जामीनदार म्हणून कोणत्याही कागदावर सही करू नका. गेलेले परत आणण्यासाठी पुन्हा जाणे आणि घरच्यांपासून आकडा लपवणे, ही जुगाराच्या व्यसनाची ठळक लक्षणे आहेत. मानसोपचारशास्त्राने या विकाराला दारूच्या व्यसनाच्या पंगतीत बसवलेले आहे आणि त्यावर उपचार आहेत. म्हणून ‘सुधार स्वतःला’ असे सांगून भागणार नाही.

टेली-मानस ही केंद्र सरकारची विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते आणि मराठीतूनही बोलता येते. भाऊ तयार नसेल तर आधी तुम्ही स्वतः फोन करा. नातेवाइकांनाही तेथे सल्ला मिळतो. त्यानंतर शासकीय रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात त्याच्यासोबत जा. वहिनीला विश्वासात घ्या. तिला हे सावकाराच्या माणसाकडून कळणे याहून वाईट ठरेल. पगार तिच्याही देखरेखीतल्या खात्यात जमा व्हावा, कार्डे आणि फोनवरून पैसे पाठवण्याची मर्यादा कमी करून घ्यावी. देणी फेडायला मदत करायचीच असेल तर रोख त्याच्या हातात न देता ज्याचे देणे आहे त्यालाच थेट द्या आणि तीही उपचार सुरू झाल्यावर. घरबसल्या फोनवर खेळून वसूल करतो असे तो म्हणू लागला, तर पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे, हे त्याला सांगा.

त्याच्याशी बोलाल तेव्हा किती घालवलेस हा प्रश्न पहिला विचारू नका, झोप लागते का ते विचारा. जगण्यात अर्थ नाही असे काही तो बोलला तर ते मनावर घ्या, त्याला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. दागिने तोपर्यंत बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा आणि किल्ली तुमच्याकडेच राहू द्या.