११ वर अडकलेला स्पीड

भाऊ, पीसीवरून सर्व्हरवर फाइली टाकताना कॉपीचा आकडा सेकंदाला ११ एमबीच्या वर सरकतच नसेल तर लगेच डिस्क बदलायच्या भानगडीत पडू नकोस. ११ म्हणजे लिंक १०० एमबीपीएसवर आली (हे मेगाबिट, आठ बिटचा एक बाइट). गिगाबिटवर, म्हणजे १००० एमबीपीएसवर, ११० एमबीच्या आसपास मिळायला हवेत. गिगाबिटला केबलच्या आठही तारा लागतात, १०० ला चारच पुरतात. म्हणून उरलेल्या चारपैकी एखादी तार तुटली तरी नेट चालूच राहतं आणि दोष लक्षात येत नाही. आधी दुसरी, तयार क्लिपवाली कॅट-५ई केबल लावून बघ. तरी तेच? स्वस्तातल्या बऱ्याच राउटरचे पोर्टच १०० चे असतात. पाच पोर्टचा गिगाबिट स्विच घे, पीसी आणि सर्व्हर दोन्ही त्यालाच जोड. वायफायवर मोजमाप करूच नको.

लिंक १००० दाखवते, तरी रडगाणं चालू? दोन्हीकडे आयपर्फ-३ हे नेटवर्कचा वेग मोजणारं टूल चालव. ९४० मेगाबिटच्या आसपास आले की नेटवर्क सुटलं, आता डिस्क धर. सुरुवातीला ११०, काही जीबी गेल्यावर ३० वर कोसळतं, असं असेल तर मॉडेल नंबरवरून डिस्क एसएमआर आहे का ते शोध. तिचे ट्रॅक कौलांसारखे एकमेकांवर चढलेले असतात. कॅश (डिस्कवरची तात्पुरती जागा) भरली की शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. रेडमध्ये (RAID, अनेक डिस्क एकत्र जोडायची पद्धत) असली डिस्क नकोच. लग्नाचे हजारो फोटो मात्र सुटे सुटे रखडणारच, झिप करून टाक.

आणि जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात सर्व्हर बंद कपाटात कोंबू नकोस. एनव्हीएमई (वेगवान एसएसडी) तापली की स्वतःच वेग उतरवते.