प्रिलिमला मार्क कमी पडले, मग पुढच्या टेस्ट देऊच नये का?

ताई, तुमचं पत्र वाचलं. मुलगी बारावी सायन्सला, मे मध्ये नीट म्हणजे मेडिकलची प्रवेश परीक्षा, जानेवारीत सोलापूरच्या गड्डा यात्रेच्या धामधुमीतच कॉलेजची प्रिलिम झाली, फिजिक्सला ७० पैकी ३१ पडले म्हणून रडून रडून डोळे सुजवून घेतले, आणि आता कॉलेज नीटच्या सराव टेस्ट लावतंय तर त्या पाहिजेत कशाला, तेवढ्या वेळात घरी वाचेल की, असं तुमचं म्हणणं.

माझं मत विचाराल तर टेस्ट पाहिजेतच. पण पेपर तपासून हातात परत मिळणार असेल तरच. नुसते मार्क कळवून गठ्ठा कपाटात गेला तर त्या टेस्टचा पोरीला काडीचा उपयोग नाही.

प्रिलिमचं एवढं मनावर घेऊ नका. तो बोर्डाच्या पद्धतीचा लेखी पेपर, त्यात बरीच कॉलेजं मुद्दाम हात आखडून तपासतात, का ते त्यांनाच ठाऊक. नीटचा खेळच वेगळा, १८० मिनिटांत १८० प्रश्न, बरोबरला ४ आणि चुकला की १ वजा, शिवाय ओएमआर म्हणजे गोलांच्या उत्तरपत्रिकेवर पेनानं गोल भरायचे, एकदा भरला की खोडता येत नाही. हुशार पोरं सुद्धा सगळे गोल शेवटी भरू म्हणतात आणि मग शेवटच्या दहा मिनिटांत एक ओळ सरकते की पुढचं सगळं गेलं! ही सवय वाचून लागत नाही हो, तीन तास बसूनच लागते. म्हणून बोर्ड सोडा असंही नाही, मेडिकलला जायचं तर बारावीचं फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी पास व्हावंच लागतं.

अजून एक, नीट असते दुपारी २ ते ५. मे मधली सोलापूरची दुपार तुम्हाला मी काय सांगू, पंखा सुद्धा गरम हवा फेकतो. आणि टेस्ट घेतात सकाळी आठला, गार वाऱ्यात. तुम्ही दोनचार पालक मिळून सरांना जाऊन भेटा, टेस्ट दुपारीच घ्या, ओएमआरवर घ्या, दुसऱ्या दिवशी पेपर परत द्या आणि रँकची यादी व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका म्हणावं.

पेपर घरी आला की तिला चुका वेगळ्या काढायला लावा, येतच नव्हतं ते कुठलं, येत असून घाईत गेलं ते कुठलं, आणि अंदाजानं ठोकलं ते कुठलं. बहुतेक पोरांचे मार्क त्या ठोकण्यातच जातात.

सर नाहीच म्हणाले तर नीट घेणाऱ्या एनटीए या संस्थेच्या साइटवरून मागच्या वर्षांचे पेपर फुकट मिळतात, ते काढा. रविवारी दोन वाजता बसवा, फोन तुमच्याकडे ठेवा, टीव्ही बंद. आधी बायोलॉजी करू दे, १८० पैकी ९० प्रश्न तिथलेच आहेत. आणि मार्क किती पडले ते मामाला, काकूला लगेच फोन करून सांगू नका.