पाच हिरवा, सात हळदीचा

प्रश्न : आमची मुलगी तिसरीत आहे. पाच हिरवा, सात हळदीसारखा, असं ती ठामपणे सांगते. पुस्तकात आकडे काळेच असतात. परवा ५ आणि ७ ची बेरीज बरोबर केली, तरी "बाराचा रंग यांच्यासारखा नाही" म्हणून रडली. शाळेत बाई रागावल्या. आमच्याकडे तंबोरे बनवतात. सासरे जवारी लावताना, म्हणजे तारांचा सूर नीट गुंजावा म्हणून घोडी घासताना, "अजून पिवळी झाली नाही" म्हणायचे, ती आम्हाला त्यांची लकब वाटायची. डोळे तपासावेत का?
— एक आई, मिरज

उत्तर : ताई, तिच्या डोळ्यांना काही झालेलं नाही, डोक्यालाही नाही. याला सिनेस्थेशिया म्हणतात, म्हणजे एका संवेदनेबरोबर दुसरीही आपोआप जागी होणं, जसं आकड्याबरोबर रंग. मी सांगलीत तीस वर्षं दवाखाना चालवला. माझा स्वतःचा 'म' वांगी रंगाचा आहे, चौथीत होता तसाच. तेव्हा मैत्रिणी हसल्या आणि मी वैद्यकीय कॉलेजात जाईपर्यंत गप्प बसले. तुमच्या लेकीवर ती वेळ येऊ देऊ नका.

मेंदूत आकड्यांचे आकार ओळखणारा भाग आणि रंग ओळखणारा भाग अगदी शेजारी आहेत. दोघांत नेहमीपेक्षा जास्त जोडण्या असाव्यात, असं मेंदूचे अभ्यासक व्ही. एस. रामचंद्रन आणि एडवर्ड हबर्ड यांनी २००१ मध्ये मांडलं. भौतिकशास्त्राचं नोबेल मिळवलेले रिचर्ड फाइनमन यांनाही समीकरणांतली अक्षरं रंगीत दिसायची.

घरीच एक करून पाहा. शून्य ते नऊ, मग अ ते ज्ञ, प्रत्येकाचा रंग तिला विचारा, लिहा, तारीख घाला आणि कागद कपाटात ठेवा. दोन महिन्यांनी अचानक पुन्हा विचारा. मनानं रचलेलं असेल तर बरीच उत्तरं बदलतील. खरं असेल तर पाच बहुधा तोच हिरवा निघेल, अगदी कैरीचा की पोपटाचा इथपर्यंत. तो कागद बाईंना दाखवा. पाहुण्यांसमोर मात्र तिला "सांग गं रंग" म्हणू नका, मुलं त्यानं कोमेजतात. बेरजेचं रडू आलं तर "तुझे रंग तुझे, उत्तर बरोबर आहे" एवढं पुरे.

डॉक्टर कधी गाठायचा? जन्मात कधी नसलेले रंग डोक्याला मार लागल्यावर किंवा फिटबरोबर एकाएकी दिसू लागले तर.

सासऱ्यांचं वाचून मी थबकले. हे घराण्यात उतरतं, इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८० च्या सुमारासच ते नोंदवलं होतं. जवारी खुली असते, बंद असते. 'पिवळी' मी कधी ऐकली नव्हती. कदाचित ती त्यांना खरंच पिवळी दिसत असेल. तुमच्या यजमानांनाही विचारा. आणि एकदा तंबोरा जुळवून मुलीला शेजारी बसवा, षड्ज कोणत्या रंगाचा ते विचारा. मला जरूर कळवा. माझी फक्त अक्षरंच रंगीत आहेत, सूर नाहीत.