ब्रिस्केट धुरावर शिजवताना फॉइलमध्ये नेमकं कधी गुंडाळायचं?

तुम्ही लिहिलंय की सहा किलोचं अख्खं ब्रिस्केट, म्हणजे गाई-बैलाच्या छातीचं मांस, २५० अंश फॅरनहाइटवर स्मोकरमध्ये (धुरावर मांस शिजवायच्या बंद भट्टीत) ठेवलं, आतलं तापमान १५५ ला अडकून दोन तास हललं नाही, म्हणून फॉइल गुंडाळलं. शेवटी वरची खपली भिजून सुटून आली आणि मांसाला उकडल्यासारखी चव आली. तुम्ही फॉइल वापरलंत यात काही चूक नाही, ते लवकर लावलंत. पारा अडकला म्हणून गुंडाळायचं नसतं, खपली तयार झाली की गुंडाळायचं. (खाली सगळे अंश फॅरनहाइटच धरा, टेक्सासात सगळे तेच बोलतात.)

पारा अडकण्याला तिथे ‘स्टॉल’ म्हणतात. साधारण १५० ते १७० अंशांच्या मध्ये तो हमखास येतो. मांसातलं पाणी पाझरून पृष्ठभागावर येतं, उडून जातं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. माठातलं पाणी गार राहतं तेही याच कारणाने. फॉइल लावलं की वाफ कोंडते, हे गार होणं थांबतं आणि पारा पुन्हा चढायला लागतो. म्हणून तर या युक्तीला ‘टेक्सास क्रच’, म्हणजे टेक्सासची कुबडी म्हणतात. पण जे बाष्पीभवन तुमचा वेळ खातं, तेच खपली वाळवत असतं. मीठ, भरड मिरी, वितळलेली चरबी, धूर आणि मांसाचा वरचा थर हे सगळं सुकून एकजीव झालं की ‘बार्क’ तयार होतो. तो ओला असतानाच फॉइल लावलं तर आतल्या वाफेने लगदा होणारच.

तयारी ओळखायला नख पुरे. खपली हलकेच खरवडा. मसाला बोटाला आला तर अजून तास-दीड तास थांबा. रंग काळपट तपकिरी, जवळजवळ काळा हवा, लालसर नको. वरच्या चरबीवर बोट दाबलं तर ती दबली पाहिजे. रबरासारखी उसळत असेल तर ती अजून वितळलेली नाही. सहा किलोच्या तुकड्याला २५० अंशांवर इथवर यायला बहुतेक वेळा सहा ते आठ तास लागतात आणि आत १६५ ते १७५ अंश झालेले असतात. गुलाबी कडा, म्हणजे ‘स्मोक रिंग’, जाईल अशी भीती बाळगू नका. ती मांस १४० अंशांच्या आसपास पोचेपर्यंत बनून गेलेली असते.

आता गुंडाळणं. रोजच्या पोळ्यांचं पातळ फॉइल इथे टिकत नाही. ‘हेवी ड्यूटी’, ४५ सेंटिमीटर रुंदीचं घ्या आणि सव्वा-सव्वा मीटरचे दोन तुकडे एकावर एक थोडे चढवून पसरा. चमकती बाजू आत की बाहेर, काही फरक पडत नाही. मांसात चरबीची जाळी चांगली असेल तर एक थेंबही पाणी घालू नका. अगदीच कोरडा तुकडा असेल तर तीन-चार मोठे चमचे गरम बीफ स्टॉक, त्याहून जास्त नको. पेला-पेला स्टॉक ओतणाऱ्यांना शेवटी रस्स्यातलं मांस मिळतं. फॉइल अंगाबरोबर घट्ट ओढा. पोकळी राहिली की वाफ वर साठते आणि थेंब थेंब खपलीवर गळते. शिवण वरच्या बाजूला घ्या. थर्मामीटरची सळई वरून, ‘फ्लॅट’ म्हणजे सपाट भागाच्या सर्वात जाड जागी घाला. तळाला भोक पडलं तर रस जातोच, शिवाय चरबी विस्तवावर पडून भडका उडू शकतो.

फॉइलमधून धूर आत जात नाही, त्यामुळे इथून पुढे लाकूड जाळणं वाया. सरळ घरातल्या ओव्हनमध्ये २५० अंशांवर ठेवलं तरी चालतं. मात्र फॉइलमध्ये पारा भराभर चढतो. १९० अंश झाले की दर अर्ध्या तासाने बारीक सळई टोचून बघा. लोण्यात जावी तशी गेली की झालं. बहुतेक वेळा ते २०० ते २०५ अंशांना होतं, पण आकड्यापेक्षा हाताला काय लागतं ते महत्त्वाचं. इथे एक गैरसमज फार आढळतो: काप कोरडा आणि वातड लागला की लोक म्हणतात जास्त शिजलं. खरं तर तो बहुतेकदा कमी शिजलेला असतो, कारण कोलॅजन, म्हणजे मांसातलं चिवट प्रथिन, विरघळून जिलेटिन झालेलं नसतं. जास्त शिजलेला काप वातड लागत नाही, तो उचलतानाच भुसभुशीत होऊन तुटतो.

स्मोकरमधून काढल्यावर फॉइल दहा-पंधरा मिनिटं उघडं ठेवा, नाहीतर आतल्या आत शिजत राहतं. मग रस एका भांड्यात काढून घ्या, पुन्हा गुंडाळा, जुन्या टॉवेलात लपेटून बर्फ नसलेल्या कूलरमध्ये (सहलीला थंड पेयं नेतात त्या जाड पेटीत) किमान दोन तास ठेवा. आतलं तापमान १४० च्या खाली जाऊ देऊ नका. वाढण्याआधी खपली मऊ वाटली तर उघडं करून २५० अंशांच्या ओव्हनमध्ये पंधरा-वीस मिनिटं ठेवा, बरीच सावरते.

तुम्हाला खपली एवढी प्रिय असेल तर मी फॉइलची होडी सुचवेन: चरबीची बाजू वर, फॉइल फक्त खालून आणि कडांना चिकटवून दुमडायचं, वरचा भाग उघडा. खालचा फ्लॅट स्वतःच्या रसात शिजतो, वरची खपली वाळत राहते. दुसरा मार्ग गुलाबी बुचर पेपरचा, म्हणजे खाटीक मांस बांधतात त्या जाड, बिनमेणाच्या कागदाचा, जो टेक्सासातल्या ऑस्टिनचे बार्बेक्यूवाले ॲरन फ्रँकलिन यांच्यामुळे घरोघरी पोचला. तो थोडी वाफ बाहेर जाऊ देतो, म्हणून वेळ फॉइलपेक्षा जास्त आणि खपली जास्त घट्ट. मेणाचा कागद मात्र चुकूनही वापरू नका. पूर्ण फॉइल मी दोनच वेळा निवडेन: पाहुणे यायची वेळ ठरलेली असताना, किंवा दोन-तीन किलोचा नुसता फ्लॅट आणलेला असताना, कारण तो उघड्यावर वाळून जातो.

काढून ठेवलेल्या रसावरची चरबी चमच्याने काढा, खारटपणा चाखा आणि कापलेल्या तुकड्यांवर थोडा थोडा सोडा. कापताना फ्लॅट आणि वरचा चरबीदार ‘पॉइंट’ यांचे धागे वेगवेगळ्या दिशेने जातात हे ध्यानात ठेवा. दोन्ही भाग जिथे जुळतात तिथे तुकडा फिरवून घ्या आणि धाग्यांना आडवे, पेन्सिलीएवढे जाड काप करा.