भौतिकशास्त्राआधी ती ‘हमीची’ पॉलिसी बघू

पुण्याच्या एका वाचकाचं पत्र आहे. वय ४२. बीएस्सी भौतिकशास्त्र, मग एमसीए, तेव्हापासून सॉफ्टवेअरची नोकरी. आता राजीनामा देऊन पूर्णवेळ एमएस्सी आणि पुढे पीएचडी करायची आहे. हातात महिना १ लाख ६० हजार येतात. पत्नी खासगी शाळेत शिक्षिका, पगार ३५ हजार. मुलगी आठवीत. गृहकर्ज ३६ लाख बाकी, हप्ता ४२ हजार. पीएफ १९ लाख, म्युच्युअल फंड १४ लाख, एफडी ६ लाख. प्रश्न असा: पीएफ काढून कर्ज कमी करावं, की फंडात टाकून दरमहा पैसे काढावेत?

दोन्ही नको. पीएफवर ८.२५ टक्के मिळतात आणि कर्जाला तुम्ही ८.५ देता, एवढ्या फरकासाठी म्हातारपणाची पुंजी मोडायची नसते. फंडाच्या तक्त्यात तुमच्या एजंटनं दरवर्षी १५ टक्के धरले आहेत. २००८ साली सेन्सेक्स निम्म्याहून खाली आला होता. तशा वर्षात दरमहा पैसे काढत राहिलात तर तो तक्ता दुसऱ्या वर्षीच कोलमडतो.

मला काळजी वाटली ती पत्रातल्या एका ओळीची: ‘शिवाय हमीची पॉलिसी आहेच.’ सोबत पाठवलेले कागद मी नीट वाचले. वर्षाला ३ लाख ६० हजार, दहा वर्षं भरायचे. बाराव्या वर्षापासून १५ वर्षं ४ लाख ८० हजार मिळायचे. बँकेतल्या माणसानं ‘३६ चे ७२ लाख’ असं सांगितलं. तारखा मांडून हिशेब केला तर परतावा निघतो जेमतेम ५ टक्के. पीपीएफ ७.१ देतो, तोही करमुक्त. तुमचे तीनच हप्ते झालेत. उरलेले सात, म्हणजे २५ लाख, नेमके पगार नसलेल्या वर्षांत भरायचे आहेत. ज्या पॉलिसीच्या भरवशावर नोकरी सोडताय, ती चालू ठेवायलाच नोकरी लागते. विकणाऱ्यानं हे विचारायला हवं होतं. त्यानं विचारलं नाही याचा मला राग आहे.

हीच पॉलिसी तुमचा एकमेव आयुर्विमा आहे, रक्कम ३६ लाख. तुमचं बरंवाईट झालं तर सगळी रक्कम कर्जात जाईल आणि मायलेकींच्या हाती विम्यातलं शून्य उरेल. टर्म विमा, म्हणजे फक्त मृत्यूनंतर पैसे देणारा स्वस्त विमा, नाही. आरोग्य विमा फक्त कंपनीचा, त्यात तुमचे मधुमेही वडीलही आहेत, आणि नोकरीबरोबर तोही संपणार.

म्हणून हे पगार चालू असतानाच करा. विमा कंपन्या उत्पन्न बघून टर्म विमा देतात; विद्यार्थी झाल्यावर दीड कोटीचं संरक्षण मागाल तर कुणी देणार नाही. आज त्याला वर्षाला साधारण ३० हजार पडतील. त्या पॉलिसीवर तुम्ही तेवढेच दर महिन्याला घालवताय. कुटुंबाचा आणि वडिलांचा आरोग्य विमाही आत्ताच घ्या, कारण आधीच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागतं. त्यातली जमतील तेवढी वर्षं नोकरीत असतानाच सरू देत.

टर्म विमा हातात आल्यावरच ती पॉलिसी पेड-अप करा, म्हणजे पुढचे हप्ते थांबवून ती कमी रकमेवर चालू ठेवा. मोडायची घाई नको. तीन हप्त्यांनंतर खात्रीचे ३५ टक्केच, म्हणजे ३ लाख ८० हजार परत मिळतात. पेड-अप केली तर सहसा भरलेल्या हप्त्यांच्या प्रमाणात पुढे वर्षाला १ लाख ४४ हजार येतील, आणि त्याची आजची किंमत साडेसात लाखांच्या आसपास धरता येते. दोन्ही आकडे कंपनीकडून लेखी मागवा.

आता भौतिकशास्त्र. तुमची ओढ खरी आहे, पत्रात ती दिसते, आणि ती मोडून काढायची माझी अजिबात इच्छा नाही. पण तुमचा रस्ता महाग आहे. घरखर्च आणि शाळा ६५ हजार, कर्जाचा हप्ता, पॉलिसी, वजा पत्नीचा पगार: महिन्याला लाखभराची तूट, एमएस्सीच्या दोन वर्षांत २४ लाख. मग पीएचडी. जेआरएफ या संशोधन शिष्यवृत्तीची वयोमर्यादा सवलतीसह ३५ आहे, म्हणजे ते दार बंद. गेट या प्रवेश परीक्षेला वयाची अट नाही. त्यातून विद्यावृत्ती मिळाली तर ३७ हजार, वर घरभाडे भत्ता. तरी पाच वर्षांत आणखी ३३ लाख तूट. एकूण ५७ लाख, आणि तुमच्याकडे पीएफ धरून ३९. मुलीचं कॉलेज त्याच काळात येतंय, ते मी अजून धरलेलंच नाही.

त्याऐवजी इग्नूची भौतिकशास्त्राची एमएस्सी नोकरी सांभाळून करा. प्रात्यक्षिकांसाठी रजा लागेल, ती साठवा. पुढे जिथे पीएचडी करायची, तिथे ही पदवी चालते का हे प्रवेशाआधी लेखी विचारा. या दोन वर्षांत पॉलिसीचे वाचलेले पैसे धरून महिना ८० हजार, म्हणजे १९ लाख बाजूला पडतात. पॉलिसी नसेल तर पीएचडीतली तूट महिना २५ हजारांवर येते. पाच वर्षांचे १५ लाख, विम्याचे चार-पाच; हे २० लाख पीएफला हात न लावता निघतात आणि मुलीच्या शिक्षणालाही उरतं.

‘पीएचडीनंतर आयसरमध्ये लागलो की’ हे वाक्य मात्र हिशेबातून काढा. पन्नाशीत त्या केंद्रीय विज्ञान संस्थेत कायम जागा मिळेल असं धरून घर चालवता येत नाही. आपल्या कॉलेजांत नेट-सेट, पीएचडी झालेली तिशीतली मुलं वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर शिकवताहेत. खोडदची जीएमआरटी दुर्बीण किंवा हिंगोलीत औंढा नागनाथजवळ उभी राहणारी लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा, अशा ठिकाणी सॉफ्टवेअर आणि डेटा हाताळणाऱ्यांची गरज असते, आणि तिथे तुमचा आजवरचा अनुभव कामाचा आहे. एनसीआरए आणि आयुका या पुण्यातल्या खगोलशास्त्र संस्थांच्या प्रकल्पपदांच्या जाहिराती आतापासून बघत जा. वयाची अट आधी वाचा.

या महिन्यात टर्म आणि आरोग्य विम्याचे अर्ज भरा. वैद्यकीय तपासण्या होऊन दोन्ही पॉलिसी हातात पडेपर्यंत राजीनाम्याचा विषय ऑफिसात काढू नका.