झाडीतल्या घराच्या छताची पन्हळ वर्षातून किती वेळा साफ करावी?

भरपूर पावसाच्या भागात आणि झाडांच्या सावलीत घर असेल, तर पन्हळ वर्षातून किमान दोनदा साफ करावी: एकदा पानगळ संपल्यावर आणि एकदा जोराचा पाऊस सुरू होण्यापूर्वी. पन्हळीत पडलेली पाने कुजून त्यांचा काळा गाळ होतो, तो उतरत्या पाइपाच्या तोंडाशी बसतो आणि मग पाणी काठावरून ओसंडून भिंतीवर व पायाशी उतरते. वाशांची टोकेही सतत ओली राहून कुजू लागतात. छतांच्या डागडुजीत मला हा गाळ बहुधा पाइपाच्या तोंडापाशीच, मुठीएवढ्या गोळ्यासारखा सापडला आहे (कधी त्यात रोपही रुजलेले असते!), म्हणून पाने हाताने काढल्यावर बादलीभर पाणी ओतून ते खालून जोराने बाहेर पडते का, हे पाहिल्याशिवाय शिडी हलवू नये. मात्र छतावर सूचिपर्णी झाडे झुकलेली असतील, तर दोन वेळा पुरणार नाहीत, कारण त्यांच्या सुया थोड्याफार वर्षभर गळतात आणि पन्हळीवर बसवलेल्या जाळीतूनही आत शिरतात. अशा घरी दर तीन महिन्यांनी पाहणी करावी.